उडीचं वजन

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तला तो पांढऱ्या कपड्यांतला मुलगा पळता पळता जागच्या जागी थांबत नसे. बटणावरचं बोट उचललं तरी तो एखादं पाऊल पुढं जाई आणि मगच सावरे. पलीकडच्या कट्ट्याला बोटांनी लोंबकळला की अंग ओढत, गुडघा टेकवत वर चढे. एक मजला खाली पडला तर त्याला काही होत नसे, दोन मजले पडला तर एक प्राण कमी होई आणि तीन मजल्यांवरून पडला की मेलाच. सांगलीतल्या आमच्या शाळेत, चपला दाराबाहेर काढून ज्या एसीच्या खोलीत जायचं तिथं, नव्वदच्या दशकात हा खेळ कुणाच्या तरी फ्लॉपीतून आला. बाकीच्या मुलींना तलवारबाजी आवडे. मी त्याला नुसतं पळवायची, थांबवायची आणि पुन्हा पळवायची.

उड्या तर दुसऱ्या खेळांतला मारिओही मारत होता, डेव्हही मारत होता. मारिओ हवेत असतानाच दिशा बदलतो, आणि त्या खेळाची सगळी गंमत त्यातच आहे. पण त्या उडीत अंग नाही. राजपुत्राच्या उडीत अंग होतं. एकदा झेप घेतली की त्याच्या हातात काही उरत नसे, आणि खाली टेकताना तो गुडघ्यांत वाकत असे. दहा-बारा वर्षांच्या मला हे शब्दांत सांगता आलं नसतं. मात्र तो पडला की माझ्याच पोटऱ्या ताठ होत, हे पक्कं आठवतं.

हे कसं जमवलं होतं ते बऱ्याच वर्षांनी वाचलं. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणानं हा खेळ जवळजवळ एकट्यानं ॲपल २ या संगणकासाठी केला आणि तो १९८९ साली बाजारात आला. त्याआधी १९८५ मध्ये त्यानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला आणि चढायला लावलं आणि ते व्हिडिओवर टिपलं. मग ती फीत जागोजाग थांबवून पडद्यावरून फोटो काढले, त्यांतली आकृती काळ्या मार्करनं आणि पांढऱ्या करेक्शन फ्लुइडनं वेगळी केली आणि एकेक करून संगणकात घातली. तलवारबाजीसाठी त्यानं १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या सिनेमातलं एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचं द्वंद्व असंच थांबवत थांबवत अभ्यासलं. संगणकाची मेमरी इतकी तोकडी होती की दुसरं पात्र ठेवायला जागाच नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच आकृती थोडी सरकवून, गणिती क्रियेनं बदलून त्यानं त्याचा काळसर जोडीदार उभा केला. या जोडीदारावर वार केला की जखम आपल्यालाच होते. पुढं जायचं असेल तर तलवार म्यान करून त्याच्या अंगात शिरावं लागतं. मला हा प्रसंग कुठल्याही मोठ्या विज्ञानपटाच्या बरोबरीचा वाटतो, आणि तो जागेच्या टंचाईतून जन्मला.

पुढं मी फिजिओथेरपिस्ट झाले. माणूस कसा चालतो, कसा उठतो, पायरी उतरताना आधी कुठला पाय टाकतो हे बघण्यात माझा दिवस जातो. त्यामुळं व्हिडिओ गेम असो की विज्ञानपट, मी त्याच्याकडं पायांपासून बघते. परग्रह, काळप्रवास, स्वतःचं मन असलेलं यंत्र, मी सगळं मान्य करते. त्या जगातल्या माणसाचं पाऊल मात्र नीट पडलं पाहिजे. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये एका माणसाचं शरीर आरशातल्या प्रतिमेसारखं डावं-उजवं उलटून येतं. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह हाती आला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि मोबियस पट्टीच्या गणितापेक्षा माझं मन त्या माणसापाशी अडकलं. आता तो शर्टाची बटणं कशी लावत असेल? आजही एखादा पेशंट पक्षाघातानंतर उजव्या हातातलं काम डाव्या हाताला शिकवू लागला की ती कथा आठवते.

‘ज्युरासिक पार्क’ १९९४ साली आपल्याकडं हिंदीत बोलत आला. सगळ्यांना डायनोसॉर आठवतो. मला गाडीतला पाण्याचा ग्लास आठवतो. अजून काहीच दिसलेलं नाही आणि पाण्यात गोल तरंग उठतात. ते तरंग नेमके गोल उठावेत म्हणून गाडीच्या त्या भागाखाली गिटारची तार बांधून ती छेडली होती. प्राणी दिसण्याआधी त्याचं वजन आलं पाहिजे, हे त्या लोकांना कळलं होतं. संगणकावर प्राणी हलवणारे कलाकार तेव्हा स्वतः हात छातीशी धरून मैदानात पळाले, कळप कसा वळतो ते अंगानं समजून घ्यायला. आणि वर्षानुवर्षं हातानं बाहुल्या हलवणारा फिल टिपेट, ज्याची कला एका रात्रीत जुनी ठरली होती, त्याच्या चमूसाठी प्राण्याचा एक धातूचा सांगाडा बनवला गेला. त्याच्या सांध्यासांध्यांत सेन्सर होते. कलाकार आपल्या सवयीप्रमाणं हातानं सांधा वाकवणार आणि संगणक तो कोन टिपून घेणार. सांध्यांचे कोन मोजायचं आमचं साधन गोनिओमीटर. ते पहिल्यांदा पेशंटच्या गुडघ्याला लावलं तेव्हा हा सांगाडा मला माहीत नव्हता. माहीत झाला तेव्हा फार जवळचा वाटला.

दवाखाना आणि सिनेमा यांचं हे नातं जुनं आहे. माणसाच्या आणि घोड्याच्या चालीचे फोटो एकामागून एक काढणाऱ्या एडवर्ड मायब्रिजनं १८८०च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. फ्रान्सिस डर्कम यांच्या पेशंटांचेही फोटो काढले होते. नीट चालता न येणाऱ्या माणसांचे, चालतानाचे. ‘मेट्रिक्स’मध्ये गोळ्या चुकवत मागं वाकलेल्या नायकाभोवती कॅमेरा फिरतो, ती शंभरावर कॅमेऱ्यांची ओळ मायब्रिजच्याच ओळीची नात. तसंच मोशन कॅप्चरचं. अंगाला चकाकते ठिपके चिकटवून नट धावतो आणि पडद्यावर राक्षस धावतो, त्या तंत्रातली व्हायकॉनसारखी यंत्रणा आधी चालीचा वैद्यकीय अभ्यास करण्यासाठी घडली होती. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल टाच का टेकवत नाही, हे त्यातून डॉक्टरांना बघायचं होतं. खेळ आणि सिनेमावाले नंतर आले. मुलांच्या हातातला गेम बघून नाक मुरडणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते, कारण पडद्यावरच्या त्या धावणाऱ्या सैनिकाच्या मागं कुठंतरी एक न चालणारं मूल उभं आहे.

आणि म्हणूनच हल्लीच्या पुष्कळ सुपरहिरोपटांवर माझा राग आहे. पन्नासाव्या मजल्यावरून माणूस रस्त्यावर आदळतो, डांबराला भेगा पडतात, तो उठतो आणि बोलू लागतो. मला न पटण्याचं कारण ते अशक्य आहे हे नव्हे. राजपुत्राच्या महालातही काय शक्य होतं? तिथं पडण्याला किंमत होती आणि इथं ती कुणी ठेवलीच नाही. एकदा पडण्याचं भय गेलं की उडीतला आनंदही जातो. पैसा अमाप, संगणक अफाट, आणि पाय जमिनीवर टेकतच नाहीत.

उलट २०१३ सालचा ‘ग्रॅव्हिटी’. त्यातल्या अवकाशप्रवासातल्या चुका जाणकारांनी दाखवल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण शेवट बघा. पृथ्वीवर परतलेली ती अंतराळवीर बाई पाण्यातून सरपटत किनाऱ्याच्या ओल्या वाळूवर येते, हातांवर जोर देऊन उठू बघते, पाय थरथरतात, पुन्हा बसते, पुन्हा उठते. अवकाशात भार न पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक टक्क्यानं घटते; स्नायू बारीक होतात, तोलाची जाण हरवते. म्हणून अंतराळ स्थानकावर रोज जवळपास दोन तास व्यायाम करावा लागतो. १९८४ साली राकेश शर्मांनी सॅल्यूत ७ वर योगासनं करून बघितली, तीही शरीर टिकवायच्या प्रयत्नांतच. २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशू शुक्ला परतले तेव्हा आधार घेऊन पावलं टाकतानाची त्यांची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. माझ्या एका पेशंटनं, खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षकांनी, ती टीव्हीवर बघितली होती. “म्हणजे त्यांनाही शिकावं लागतं तर,” म्हणाले आणि त्या दिवशी दाराबाहेरच्या पायरीपर्यंत गेले. विज्ञानपटाकडून मला हे हवं आहे. ‘अवतार’मध्ये व्हीलचेअरवरचा तो सैनिक नव्या शरीरात जागा होतो, डॉक्टर थांबवत असताना धडपडत बाहेर पळतो आणि पायाची बोटं मातीत रुतवतो. पुढची लढाई मला फारशी आठवत नाही. ती बोटं आठवतात.

खेळ दवाखान्यात परतले ते आमच्या डोळ्यांदेखत. २०१० साली किनेक्ट आला. हातात काहीही न धरता समोर उभं राहायचं, कॅमेरा खोली मोजतो आणि शरीराच्या वीस सांध्यांचा सांगाडा पडद्यावर उमटवतो. तो करमणुकीसाठी होता, पण जगभरच्या फिजिओथेरपिस्टांनी तो उचलला. त्याच जातीचं एक यंत्र मी जिथं काम करत होते तिथं आलं. हात वर कर, बाजूला कर, हे दहा वेळा सांगून कंटाळणारा पेशंट पडद्यावरची फळं पकडायला तोच हात आनंदानं उचलायचा. दुखणं तेवढंच असायचं, लक्ष मात्र दुसरीकडं. मला हे तंत्रज्ञानाचं सर्वांत सुंदर रूप वाटलं आणि अजूनही वाटतं.

मग आमच्याकडच्या आज्या त्यासमोर उभ्या राहिल्या, लुगडं नेसून. सांगाडा कमरेपर्यंत ठीक दिसायचा आणि त्याखाली भरकटायचा. निऱ्यांच्या आत गुडघा कुठं आहे हे यंत्राला उमगत नव्हतं. व्यायामही सगळे खुर्चीवरून उठण्याचे होते. माझ्या पेशंटचा प्रश्न खुर्चीचा नव्हताच. त्यांना जमिनीवरून उठायचं होतं. मांडी घालून जेवायचं होतं, उकिडवं बसायचं होतं, देवघरापुढं वाकायचं होतं, उंबरा ओलांडायचा होता. यंत्राला हे काहीच माहीत नव्हतं, कारण ते ज्या शरीरांवरून शिकलं त्यांच्यात असं बसणारं कुणी फारसं नसावं. मेकनरनं भावाकडं बघितलं, टिपेटच्या लोकांनी प्राण्यांकडं बघितलं. या आज्यांकडं अजून कुणी बघितलं नव्हतं. आता साधा मोबाईलचा कॅमेराही ठिपक्यांशिवाय सांधे ओळखतो, कृत्रिम बुद्धिमत्ता पळणारी-नाचणारी माणसं म्हणाल तितकी बनवून देते. पण ती सगळी आधी पाहिलेल्या चित्रांतूनच येतात. ज्या बाईचं जमिनीवरून उठणं कुणी टिपलेलंच नाही, ती तिथं येणार कुठून?

भाच्यानं मला ‘डेथ स्ट्रँडिंग’ दाखवला, हिदेओ कोजिमाचा २०१९ सालचा खेळ. उद्ध्वस्त झालेली भविष्यातली अमेरिका, आणि नायकाचं काम काय, तर पाठीवर ओझं घेऊन चालत जायचं. ओझं एका बाजूला कललं की दोन्ही बोटांनी बटणं दाबून तोल सावरायचा, उतारावर घाई केली की घसरायचं, चालून चालून बूट झिजतात. नुसतं चालण्याचा खेळ म्हणून पुष्कळांनी तो नाकारला. मी भाच्याच्या शेजारी तासभर बसले आणि उठवेना. एवढी अफाट यंत्रशक्ती हाताशी असताना कुणीतरी ती एका पावलाच्या तोलावर खर्च केली होती.

त्यानंतरच मी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मुलाला गाठलं. तो प्रोजेक्टसाठी विषय शोधत होता, मी खेळ शोधत होते. सध्या आम्ही रविवारी सकाळी, परवानगी घेऊन, आज्यांचं जमिनीवरून उठणं टिपतो. कुणी आधी हात टेकवते, कुणी एक गुडघा उभा करते, कुणी भिंतीला पाठ लावून सरकत वर येते. दोन बायका एकसारख्या उठत नाहीत. लुगड्यातला गुडघा ओळखण्यासाठी तो मुलगा निऱ्यांच्या हालचालीवरून अंदाज बांधायच्या खटपटीत आहे, आणि निम्म्या वेळा तो अंदाज बरोबर येऊ लागलाय. पडद्यावर फळं पकडायचा जुनाच खेळ ठेवावा असं त्याचं म्हणणं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींनी तो बघितला आणि मान हलवली.

“मॅडम, हे फळं-बिळं नगं. ह्यात सडा घालायचा ठेवा की. आन् मग रांगोळी. ठिपके मी देते घालून.”

त्यांनी वहीच्या पानावर सात ते सातचे ठिपके काढून दिले. मुलगा आता खेळाचा पहिला टप्पा त्यावरूनच लिहितोय. खाली वाकल्याशिवाय त्यात एकही ठिपका जोडता येणार नाही.