चुनखडीच्या वाटेवर

“काका, सायकल येते ना अजून?” पुतणीने विमानतळावरच विचारले, तेव्हा मला थोडा रागच आला. ज्याने उमेदीची सारी वर्षे पुण्यात सायकलवरून कचेरी गाठली, पावसाळ्यात एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने हँडल सांभाळले, त्याला हा प्रश्न! “पोहणं आणि सायकल कुणी विसरत नाही,” असे मी ऐटीत उत्तर दिले. या ऐटीची किंमत मला पुढे चार दिवसांनी मोजावी लागली. पण ते ओघाने येईलच.

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. पुतणी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये रँस या शहरी राहते. इंग्रजी नकाशात आपण ज्याला ‘ऱ्हीम्स’ म्हणतो तेच हे गाव. शँपेनचा मुलूख तो हाच. वाचकांनी लगेच भुवया उंचावू नयेत. आम्ही तेथे पिण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी गेलो होतो. आणि चाखलेच असेल काही, तर ते दिवाळी अंकात सांगण्याजोगे नव्हे.

खरे सांगायचे तर द्राक्षांचे मळे पाहण्याची मला मुळीच हौस नव्हती. आमचे घर निफाड तालुक्यातले. थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, वीस वर्षे द्राक्षबाग पोसली. २०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली. घड काढणीला आलेले होते. अर्ध्या तासात मांडवाखाली चिखल आणि मणी यांचा लगदा झाला. त्या उन्हाळ्यात अण्णांनी बाग तोडली आणि तारा भंगारात दिल्या. तेव्हापासून आमच्या घरात द्राक्षांविषयी कोणी बोलत नाही. कोणी प्रसादाला आणली तर अण्णा हात जोडतात आणि ताट पुढे सरकवतात. ही पुतणी म्हणजे अण्णांचीच मुलगी. बाग तुटली तेव्हा ती शाळेत होती. आणि आता तीच मला म्हणत होती, “उद्या मळ्यांमधून जायचं, काका. मधे जंगलही आहे.”

सायकल भाड्याने मिळाली. ती पाहून मी चक्रावलो. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले. पण टायर मात्र चांगले चार सेंटिमीटर रुंद, नक्षी उठवलेले. तिकडे हिला ‘ग्रॅव्हेल’ म्हणतात, म्हणजे खडीवरची सायकल. डांबरी रस्त्यावर ती बऱ्यापैकी पळते आणि खडी, माती, जंगलातील गाडवाट यांनाही डरत नाही. मी सवयीने टायर दाबून पाहिला आणि दुकानदाराला खुणेने सांगितले, हवा कमी आहे. पुतणी हसू लागली. हवा मुद्दामच कमी ठेवतात म्हणे! टणक टायर खडीवरून उड्या मारतो आणि प्रत्येक उडी आपल्या मनगटांना भोगावी लागते. मऊ टायर खड्याला पोटात घेतो. जन्मभर टायर दगडासारखे टणक करून आपण किती हाडे खिळखिळी केली, याचा मी मनातल्या मनात हिशेब केला.

शहरातून बाहेर पडायला कालव्याची वाट आहे. सपाट, सावलीची. एका बाजूला संथ पाणी आणि त्यावर सावकाश सरकणारी एखादी नौका. दहाबारा किलोमीटरवर सिलरी हे गाव लागले आणि तेथून दक्षिणेला वळताच समोर ‘रँसचा पर्वत’ उभा राहिला. पर्वत! समुद्रसपाटीपासून त्याचा माथा तीनशे मीटरही नाही. आमचे पुणे शहरच त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर वसले आहे, तरी आम्ही कधी पर्वतावर राहतो असे म्हटलेले नाही. मात्र चढू लागल्यावर माझा उपरोध ओसरला आणि धाप लागली.

डोंगराची रचना मोठी पाहण्यासारखी आहे. माथ्यावर चिकणमाती, म्हणून तेथे जंगल. उतारावर खडूसारखी पांढरी चुनखडी, तेथे द्राक्षे. आणि पायथ्याला सपाटीवर धान्य. मळ्यांतून जाणाऱ्या वाटाही पांढऱ्याच. उन्हात त्या डोळ्यांना त्रास देतात. या दगडाचा गुण असा, की एका घनमीटरमध्ये तो तीनशे ते चारशे लिटर पाणी धरून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत मुळांना हळूहळू पाजतो. पाट नाही, ठिबक नाही. वेली मांडवावर चढवलेल्या नसतात. छातीइतक्या उंच, तारेला बांधून ओळीने उभ्या केलेल्या. त्यांच्यातून फिरणारा ट्रॅक्टरही अजब, ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून वेलींच्या डोक्यावरून चालतो. तो समोरून आला की सायकलस्वाराने निमूट बाजूला व्हायचे. वाट त्याच्या कामाची आहे, आपण पाहुणे. तोडणी मात्र हातानेच झाली पाहिजे, असा तेथला नियमच आहे.

व्हेर्झने गावाच्या वर, मळ्यांच्या मधोमध, एक दीपगृह आहे. जवळपास कुठे समुद्र नाही! एका शँपेनवाल्याने १९०९ मध्ये आपल्या मालाची जाहिरात म्हणून ते बांधले. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच्यावरून शत्रूची हालचाल टेहळली गेली, कारण लढाईची आघाडी खालच्या मैदानातच चार वर्षे अडून होती. आज तेथे द्राक्षशेतीचे संग्रहालय आहे.

आणि येथेच माझी ऐट उतरली. दीपगृहाकडून व्हेर्झीच्या वाटेला लागलो. रात्री पाऊस झालेला. ओली चुनखडी म्हणजे साबण. वळणावर मी जुन्या सवयीने पुढचा ब्रेक दाबला आणि पुढच्याच क्षणी बांधावरच्या गवतात आडवा झालो. लागले फारसे नाही. पण एका बाजूने नखशिखान्त पांढरा झालो. ओळीत वाकून कोवळ्या फुटी विरळणारा एक म्हातारा शेतकरी धावत आला. त्याने आधी मला उठवले, मग सायकल, आणि मग ज्या वेलीला माझा पाय लागला होता तिची काडी नीट तपासली. काडी शाबूत आहे हे पाहून त्याला माझ्याइतकाच आनंद झाला.

बाटलीतले पाणी देता देता तो बोलू लागला. पुतणी दुभाष्याचे काम करीत होती. आम्हीही द्राक्षवाले होतो, हे तिने सांगून टाकले. मी तिच्याकडे पाहिले. पण ती थांबली नाही. गारपिटीचेही तिने सांगितले. म्हातारा मान हलवीत राहिला. मग म्हणाला, २०२१ मध्ये एप्रिलात थंडीने कोंब जाळले आणि उन्हाळ्यात उरलेले रोगाने खाल्ले. कोणता रोग? पुतणीने शब्द शोधला आणि एकदम म्हणाली, “काका, केवडा!” केवडा म्हटल्यावर मी म्हाताऱ्याला ‘बोर्डो’ म्हणालो. त्याला तो शब्द पटकन कळला, आणि आम्ही दोघे दुभाष्यावाचून हसलो. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण निफाडला प्रत्येक बागाईतदार फवारतो; पण ते फ्रान्समधल्या एका शहराचे नाव आहे, हे आमच्याकडे किती जणांना ठाऊक असेल?

“मग त्या वर्षी तुम्ही काय केलंत?” मी विचारले. उत्तर साधे होते. चांगल्या वर्षी मर्यादेपेक्षा जे जास्त पिकते, त्याची काही दारू शेतकऱ्याला नियमानेच राखून ठेवता येते. वाईट वर्षी तीच कामाला येते. राखलेल्या त्या वर्षांवर तो तरला. मी गप्प बसलो. अण्णांचे घड मार्चअखेर विकले गेले नाहीत तर एप्रिलात त्यांना कोण विचारणार होते? आमचा माल दोन आठवडेसुद्धा वाट पाहू शकत नव्हता. अण्णा कुठे चुकले, हा हिशेब मी मनातल्या मनात नऊ वर्षे मांडत आलो होतो.

निघताना पुतणीने वेलीच्या बुंध्याचा एक फोटो काढला आणि मला न विचारता घरी पाठवून दिला.

व्हेर्झीच्या वर जंगल सुरू होते. ओक, बीच आणि पायाखाली गेल्या वर्षीचा पाचोळा. तिकडची कोकिळा खरोखरच ‘कुक्कू’ असे दोनच स्वर काढते. आपल्या कोकिळेची तार तिला नाही. येथे ‘फो’ नावाचे बीचवृक्ष आहेत, खुजे, वाकडेतिकडे, फांद्या छत्रीसारख्या जमिनीकडे वळलेल्या. जमिनीला टेकलेली फांदी मुळे धरते आणि तेथून नवे झाड उठते. वडाच्या पारंब्यांची आठवण झाली. माणसांच्या पावलांनी मुळांवरची माती दडपली जाते, म्हणून झाडांना कुंपणे आहेत. आम्ही सायकली हातात धरून चाललो. जवळच डोंगराच्या सर्वांत उंच भागी महायुद्धातली टेहळणीची काँक्रीटची कोठी आहे. आत अंधार आणि ओल. आम्ही फार थांबलो नाही.

तेथून लूव्ह्वापर्यंतची जंगलवाट मात्र मी कधी विसरणार नाही. बारीक खडी, मंद उतार, टायरांचा एकसारखा खर्रर आवाज, आणि आम्हां दोघांखेरीज माणूस नाही. पुढे पुन्हा मळे लागले आणि संध्याकाळी आव्हने गावच्या छोट्या स्टेशनात सायकलींसकट आगगाडीत चढलो. ही गाडी परत त्याच डोंगराखालून, बोगद्यातून, रँसला जाते.

गाडी सुटते न सुटते तोच पुतणीचा फोन वाजला. अण्णा. निफाडला रात्रीचे साडेनऊ वाजून गेले असतील. एरवी ते आठला झोपतात. तिने आवाज मोठा केला. क्षेम नाही, कुशल नाही.

“चुनखडीत पानं पिवळी कशी पडत नाहीत? खुंट कोणता आहे?”

“विचारलं होतं, अण्णा. एक्केचाळीस बी.”

“एक्केचाळीस बी.” पलीकडे थोडी शांतता. बहुधा कागद शोधत होते. “आणि छाटणी एकदाच? कोणत्या महिन्यात...”

गाडी बोगद्यात शिरली आणि फोन तुटला. अंधारात पुतणी फोन हातात धरून बसली होती. तीनसाडेतीन किलोमीटरचा तो बोगदा मला फार लांब वाटला. बाहेर मळे दिसू लागले आणि फोन पुन्हा वाजला.