डीमन आणि तोतया

संगणकाच्या परिभाषेतील ‘डीमन’ या शब्दासाठी ‘राक्षस’ किंवा ‘भूत’ असा प्रतिशब्द योजू नये, असे आमचे मत आहे. १९६३ च्या सुमारास एमआयटीतील मंडळींनी हा शब्द घेतला तो मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातून. तिथे एक अदृश्य जीव दाराशी बसून अहोरात्र रेणूंची निवड करतो. कोकणात रात्री गावाची राखण करणारा वेताळ त्याला अधिक जवळचा.

आम्ही ज्यात लिहितो तो ईमॅक्स २००९ च्या तेविसाव्या आवृत्तीपासून असा डीमन होऊन राहू शकतो. मजकूर त्याच्या स्मृतीत असतो. आपल्यासमोरची खिडकी ‘ईमॅक्सक्लायंट’ नावाच्या छोट्या प्रोग्रामने मागून घेतलेली. खिडकी मिटली तरी मजकूर मिटत नाही. दोघांची गाठ पडते ती ‘सॉकेट’ नावाच्या एका विशेष फाइलपाशी.

मध्यंतरी प्रबंधाच्या एका प्रकरणाचा खर्डा आम्ही ‘स्क्रॅच’ या बफरात लिहीत होतो. (नवे काही तिथेच सुचते, ही जुनी खोड.) या बफराला फाइल नसते, म्हणून इतर लेखनाची दर तीनशे कळांमागे आपोआप होणारी नोंद त्याच्या वाट्याला येत नाही. एका संध्याकाळी, त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या खात्यातून ‘सु’ या आज्ञेने आपल्या खात्यात शिरून आम्ही क्लायंटला हाक मारली. उत्तर आले : सॉकेट सापडत नाही, सर्व्हर सुरू केला आहे ना?

हे वाक्य वरवर प्रश्न आहे, पण ते निदान सुचवते, आणि ते निदान चुकीचे असू शकते. जाणत्या स्नेह्यांनी दोन उपाय सांगितले. पहिला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे. म्हणजे प्रकरणाला तिलांजलीच. दुसरा अधिक फसवा. क्लायंटला अशी सूचना देता येते की, सर्व्हर न सापडल्यास नवा सुरू कर. तो सुरू झालाही असता, त्याचे स्क्रॅच कोरे दिसले असते, आणि पानिपतानंतर प्रकटलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणे आम्ही त्यालाच खरा मानून लेखनाचा शोक करीत बसलो असतो.

आम्ही आधी चालू प्रक्रियांची यादी पाहिली. डीमन तिथे होता, सुखरूप. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून सॉकेट, पर्यावरणातील ‘एक्सडीजी रनटाइम डिर’ हे चल सांगेल त्या जागी ठेवले जाते. आमच्याकडे ती जागा ‘/रन/यूजर/१०००’ होती. ‘सु’ने शिरताना हे चल सोबत आले नव्हते. क्लायंट जुन्या सवयीने ‘/टीएमपी’मध्ये शोधत राहिला. उघड्या फाइलींच्या यादीतून सॉकेटचा पूर्ण पत्ता काढून तो क्लायंटला दिला, आणि खर्डा शेवटच्या अर्धवट वाक्यासह समोर आला. पहिले काम म्हणून तो फाइलीत उतरवला.

मात्र सॉकेटची फाइलच पुसली गेली, तर पत्त्याचा उपयोग नाही. त्यासाठी आरंभफाइलीत आधीच तजवीज हवी : डीमनला ‘सिगयूएसआर१’ हा संकेत मिळताच त्याने सर्व्हर पुन्हा उभारावा. ती एक ओळ आम्ही त्याच रात्री लिहिली.