मागल्या गाडीची वाट

नकाशा पसरून वाट ठरविण्यात जी मौज आहे तिच्या निम्मीदेखील मौज प्रत्यक्ष वाट चालण्यात नाही, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. नकाशावर ऊन लागत नाही, धूळ उडत नाही, आणि वीतभर अंतरात सह्याद्री ओलांडून पलीकडे उतरता येते. एकट्या मनुष्याला तर ही मौज पुरेपूर लुटता येते. कारण वाट चुकली तरी त्याचे फारसे बिघडत नाही, तो आल्या पावली मागे फिरतो. परंतु पाठीमागे काही जोडलेले असले, मग ते सामान असो की संसार असो, म्हणजे ह्या मौजेचा रंग एकदम पालटतो.

हे सुचण्यास कारण आमच्या भाच्याचे एक पत्र झाले. हे चिरंजीव शिकागो शहरी नोकरी करतात. अमेरिकेत निजण्याबसण्याची, स्वयंपाकाची व स्नानाचीही सोय असलेली मोठाली मोटारघरे भाड्याने मिळतात. तसले एक घर घेऊन, त्याच्यामागे आपली लहान मोटार एका ट्रेलरवर चढवून, सहकुटुंब कॅलिफोर्नियापर्यंत जावयाचे त्याच्या मनात आले. वाटा दोन. 70 क्रमांकाच्या महामार्गाने गेले तर कोलोरॅडोतील रॉकी पर्वताची शोभा डोळे भरून पाहावयास मिळते. पण तो रस्ता सुमारे 11,000 फूट उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, आणि पुढे कोठे कोठे शंभर फुटांस सहासात फूट ह्या मानाने मैलच्या मैल उतरत राहतो. 80 क्रमांकाचा महामार्ग वायोमिंगच्या उजाड माळावरून जातो. तेथे चढउतार सौम्य, पण वारा असा की उंच गाड्या आडव्या व्हाव्यात. सूनबाईंस पर्वत पाहावयाचा आहे, चिरंजिवांस भय वाटते, आणि ‘मामा, तुम्हांस काय वाटते?’ असा प्रश्न आमच्याकडे आला. आम्हांस मोटार चालविता येत नाही, हे त्यास ठाऊक आहे. पण भाचे लोकांचा मामांवरील विश्वास अशा क्षुल्लक गोष्टींनी ढळत नसतो.

उत्तर लिहिण्यापूर्वी आम्ही ह्या विषयाचा थोडा अभ्यास केला व आम्हांस त्याची गोडी लागली. त्या देशात डोंगरी रस्त्यांचे चढउतार घाटागणिक सांगणारी स्वतंत्र पुस्तके निघालेली आहेत, आणि मालमोटारवाल्यांप्रमाणे मोटारघरवालेही ती बरोबर बाळगतात. उंचीचे प्रकरण तर फारच गमतीचे आहे. उत्तर कॅरोलिनातील डरहॅम गावी 11 फूट 8 इंच उंचीचा एक रेल्वेपूल होता. सूचनांचे फलक व दिवे लावूनही उंच गाड्या येऊन त्यावर आदळत आणि त्यांची टपे सोलून निघत; अखेर 2019 साली तो पूलच 8 इंच वर उचलण्यात आला. मनुष्यास आपली लांबीरुंदी विसरण्याची खोड आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण ह्या सगळ्या विद्येत आमच्या मनात ठसला तो एक साधा नियम: मागे ट्रेलर असता ज्या रस्त्याने परत फिरावे लागण्याचा संभव असेल त्या रस्त्यास लागूच नये. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेणे हे मोठे कौशल्याचे काम आहे. चाक डावीकडे फिरवावे तर मागची गाडी उजवीकडे जाते. आणि मागे दोन ट्रेलर असले तर बहुतेक चालक हातच जोडतात.

दोन ट्रेलर म्हटल्याबरोबर आम्ही पत्र बाजूस ठेवले. कारण जोडगाड्यांची ही विद्या शिकण्यासाठी अमेरिकेस जावयास नको; ती आमच्याच जिल्ह्यात दर दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर येते. 2024 साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या आमच्या नगर जिल्ह्याचा अर्धा भाग प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकवितो, आणि पाथर्डी, जामखेड, शेवगावचा कोरडा भाग तो ऊस तोडावयास माणसे पाठवितो. ही माणसे आपल्या जिल्ह्यात पुरत नाहीत असे नाही. ती सांगली-कोल्हापूरपर्यंत व त्याही पलीकडे कर्नाटकात जातात. त्यांच्या जाण्याचे वाहन म्हणजे एक ट्रॅक्टर व त्यामागे एकीस एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. पहिल्या ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, सरपण, कोपीसाठी बांबू व ताडपत्री, पाण्याची पिंपे, भांडीकुंडी, खाटा. दुसरीत कोंबड्या, एखादी शेळी, म्हातारी माणसे, बायका आणि मुले. सहा महिन्यांचा संसार असा चाकांवर चढतो. शासनाने 2021 साली मोटारघरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले; त्यात अशी वाहने उभी करण्याच्या जागी पाणी असावे, शौचकूप असावे, असा चांगला विचार केलेला आहे. आमच्या ह्या जुन्या फिरत्या घरांचा मात्र त्या धोरणकर्त्यांस विसर पडला असावा. त्यांचा मुक्काम पेट्रोलपंपाच्या आवारात किंवा एखाद्या देवळाच्या ओट्याशी पडतो.

आता ह्यांच्या वाटा पाहा. पाथर्डीहून प्रवरानगरास, म्हणजे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या खटपटीने 1950 साली जेथे सहकारी साखर कारखान्याचे चाक फिरू लागले तेथे, जावयाचे झाल्यास सरळ वाट तिसगाव, करंजी, नगर, राहुरी, कोल्हार अशी आहे. पण तिच्यावर करंजीचा घाट लागतो, नगर शहराला वळसा घालावा लागतो आणि पुढे शिर्डीच्या भक्तांची वर्दळ रात्रंदिवस सोबत करते. दुसरी वाट शेवगाव, कुकाणे, भेंडे, नेवासे, टाकळीभान, श्रीरामपूर, बाभळेश्वर अशी. तीवर घाट नाही; रस्ता अरुंद, गावे पुष्कळ, पण जमीन सपाट. जाणता चालक ही दुसरी वाट धरतो. नेवाशास थांबून माउलीच्या पैस खांबाचे दर्शन होते, हा वरचा लाभ.

सांगली-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांस इतके सोपे उत्तर नाही. करंजीचा घाट चढून नगरास आल्यावर एक फाटा दौंड, बारामती, फलटण, दहिवडी, विटे असा जातो. त्यात फलटणच्या पुढे मोगराळ्याचा घाट आडवा येतो. दुसरा फाटा मिरजगाव, करमाळे, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोले करून मिरजेस निघतो. तो त्या मानाने सपाटीचा. मग सर्वांनी दुसऱ्यानेच का जाऊ नये? ह्याचे उत्तर पंचांगात आहे. दिवाळीनंतर बलिप्रतिपदेपासून कार्तिकी एकादशी अवघी दहा-अकरा दिवसांवर असते, आणि नेमक्या त्याच सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात. पंढरपूरचे रस्ते दिंड्यांनी भरलेले. तेथे दोन ट्रॉल्यांचे हे धूड शिरले म्हणजे ना पुढे जाता येत ना मागे येता येते. तेव्हा एकादशीच्या आधी निघालो तर पंढरपुरावरून, गाठ पडणार असेल तर मोगराळ्यावरून, असा हिशेब करावा लागतो. वाट ठरविताना तिथी पाहणारे चालक अमेरिकेत असतील असे आम्हांस वाटत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी ह्या हिशेबास हसणार नाही. सन 1803 च्या ऑगस्टात आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला व तेथून तो गोदावरीकडे वळला. त्याचा तो पत्रव्यवहार आम्ही तरुणपणी मोठ्या उत्सुकतेने वाचावयास घेतला होता. शौर्याची वर्णने मिळतील ही आमची अपेक्षा; मिळाले काय, तर बैल! बैल किती आहेत, किती मेले, बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे कोठवर आले, चारा कोठे आहे, नदीस उतार आहे की नाही. पुढे वॉटर्लूस नेपोलियनचा पराभव करणारा हा सेनापती दख्खनमध्ये बैलांच्या चालीने चालत होता.

आणि येथे आम्हांस जे खरोखर म्हणावयाचे आहे ते आले. बैल हा वाटेविषयी मत असलेला प्राणी आहे. चढ अवघड असला तर तो थांबतो, पाणी न मिळाले तर बसकण मारतो, आणि मालकाने कितीही शिव्या दिल्या तरी उठत नाही. बैलगाड्यांनी टोळ्या जात त्या काळी दर चारपाच कोसांवर मुक्काम होई तो माणसांच्या कनवाळूपणामुळे नव्हे, बैलांमुळे. पण त्यांच्या निमित्ताने पोरांनाही उतरावयास मिळे, बायकांच्या चुली पेटत. ट्रॅक्टरला असे मत नाही. डिझेल आहे तोवर तो चालतो. ज्याच्या कर्जाचे हप्ते त्या ट्रॅक्टरवर चढलेले असतात त्या मालकाला एक दिवस आधी पोहोचण्यात नफा दिसतो; ज्याने जोडप्यामागे, म्हणजे त्यांच्या भाषेत कोयत्यामागे, आगाऊ उचल वाटलेली असते त्या मुकादमालाही घाईच असते. म्हणून मग रात्रीचा प्रवास, आणि जवळची वाट.

घाटाचे शास्त्र चालकांस ठाऊक नसते असे कोणी समजू नये. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हे प्रत्येकजण सांगतो. ट्रॅक्टरचा ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांपुरता असतो, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतोच. चढावर ट्रॅक्टर ट्रॉल्यांस ओढतो. उतारावर ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात. वळणावर पुढच्या चाकाने आखलेली रेघ दुसरी ट्रॉली पाळीत नाही, ती आतून कापते, दरीच्या नाहीतर कड्याच्या बाजूने. हे सारे ठाऊक असूनही डिझेलचे चार पैसे वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी उतारावर सोडणारे निघतातच. आणि मग वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तीनचार ओळींची बातमी येते, तीत मेलेल्या मुलांची वये असतात. रात्रीची बातमी निराळी असते: मागे तांबडा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर कोणाची तरी मोटार आदळलेली असते.

चमत्कार असा की करंजीचा काय किंवा मोगराळ्याचा काय, दोन्ही घाट जाताना चढणीचे व परतताना उतरणीचे आहेत. जाताना जो तो सावध असतो. परतताना फाल्गुन-चैत्राचे दिवस असतात, मढीची यात्रा नाहीतर पाडवा गाठावयाचा असतो, हातात थोडा पैसा असतो आणि गावाकडचे डोंगर दिसू लागलेले असतात. सावधपणा सुटतो तो तेव्हा.

आमच्या महाविद्यालयात पाथर्डी तालुक्यातील एक मुलगी शिकत होती. तिने लहानपणचे चार हंगाम आईबापांबरोबर असे काढलेले. भाच्याचे पत्र आले त्या दिवसांत ती काही कामाने भेटावयास आली, तेव्हा आम्ही सहज विचारले, ‘तुमची वाट कोण ठरवीत असे?’ तिला प्रश्नच समजला नाही. थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘सर, मागच्या ट्रॉलीतून पुढचा रस्ता दिसतच नाही. मागं गेलेला तेवढा दिसतो. कुठल्या रस्त्यानं चाललोय हे गाव मागं पडल्यावर कळायचं.’

भाच्यास आम्ही लिहून टाकले की, बाबा, वायोमिंगवरून जा. वारा सुटला तर गाडी उभी करून स्वस्थ बसता येते, उतारावर तसे बसता येत नाही. पर्वत पाहावयाचा असला तर सूनबाईंस घेऊन ट्रेलरवरच्या लहान मोटारीने एक दिवस जाऊन ये, मोटारघर खाली राहू दे. त्याने ते मानले की नाही हे अद्याप कळावयाचे आहे. निघण्यापूर्वी एक दिवस मुलांसह त्या घराच्या मागल्या खोलीत बसून गावात फिरून पाहा, असेही एक वाक्य शेवटी घातले.

त्या मुलीने जाताना आणखी एक हकीकत सांगितली. एका वर्षी परततेवेळी पहाटे त्यांचा ट्रॅक्टर करंजीच्या घाटमाथ्यावर आला. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका टोळीची ट्रॉली कोठेशी उलटल्याचे सर्वांच्या कानी आले होते. तिची आई मागच्या ट्रॉलीतून ओरडली, गाडी थांबवा, आम्ही उतरणार. मुकादम म्हणाला, ‘मावशे, तासभर जाईल.’ तिच्या आईने उत्तर दिले नाही. धाकट्याला कडेवर घेऊन ती खाली उतरली, आणि तिच्यामागून एकेक करून सगळ्या बायका. दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या, फक्त पोती व कोंबड्या घेऊन खाली गेल्या. बायका व पोरे रस्त्याच्या कडेकडेने, आतल्या अंगाने, चालत घाट उतरली. ही मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिला आठवते ते इतकेच की, त्या दिवशी प्रथमच तिने तो घाट समोरून पाहिला, आणि खाली करंजीत पोहोचली तेव्हा मुकादम हॉटेलाच्या बाकावर बसून सगळ्यांसाठी चहा सांगत होता.