आधी उत्तरार्ध

अकोल्यात टिळक रोडमागच्या एका गल्लीत सत्तरीच्या दशकात एक खाजगी वाचनालय होते. वाचनालय म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, भिंतीशी तीन लाकडी मांडण्या आणि टेबलावर लाल पुठ्ठ्याची नोंदवही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, पुढे सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी ही मंडळी तेथे दाटीवाटीने राहत. फडके-खांडेकरही होते, पण त्यांच्यावर धूळ असे. वाचनालय चालवणारे गृहस्थ दिवसा एका जिनिंगमध्ये कारकुनी करत आणि सायंकाळी टेबलाशी बसत. त्यांचा एक नियम गिऱ्हाइकांना पाठ होता. "पयला भाग आन, मंग दुसरा ने." या नियमात व्यवहार होता हे उघडच आहे. परंतु कथेला आरंभ असतो आणि तो चुकवून पुढे जाता येत नाही, अशी एक अप्रकट साहित्यदृष्टीही त्यात होती.

दुसरा नियम कोणाला सांगितलेला नव्हता. घरातल्या मुलीने या पुस्तकांना हात लावायचा नाही, असा तो नियम. गल्लीतल्या पोरांना, कॉलेजात जाणाऱ्या मुलींनाही ते ही पुस्तके हसतमुखाने देत. स्वतःच्या मुलीला मात्र "हे तुह्या कामाचं नाही" एवढेच सांगत. मुलगी वाचत होतीच. मांडणीवरचे पुस्तक हलले तर बाबांच्या ध्यानात येई, म्हणून बांधणीसाठी बाजूला काढलेल्या गठ्ठ्यातली पुस्तके ती उचलत असे. या पुस्तकांची पहिली पाने गळालेली असत, शेवटची बहुधा शाबूत असत. शिवाय दोन भागांच्या कथेचा पहिला भाग सतत कोणाकडे तरी गेलेला असल्यामुळे घरात उरे तो दुसराच. त्यामुळे तिला नायक भेटे तो दोरावर लोंबकळताना, किंवा बेशुद्धीतून डोळे उघडताना. त्याला कोणी पाठवले, कशासाठी पाठवले, हे पुढच्या पानांवरून मागे अनुमान करत जावे लागे. ॲरिस्टॉटलने आदि, मध्य आणि अंत यांचा जो क्रम सांगितला त्याची तिची पहिली ओळख अशी उलटी झाली.

वऱ्हाडातल्या श्रोत्याला ही उलटी रीत तशी अपरिचित नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला अर्धे देऊळ रिकामे असते. शेतावरून, बाजारातून लोक येतात ते उत्तररंगाच्या आख्यानाला. निरूपण हुकले म्हणून कोणी आख्यान सोडून उठत नाही. हेरकथेचा वाचकही असाच उशिरा येणारा श्रोता असतो, आणि म्हणूनच त्याला कमी लेखण्याची जी सवय मराठी समीक्षेला दीर्घकाळ होती ती तपासून पाहण्यासारखी आहे.

पुढे ती मुलगी अमरावतीला आली, मराठी घेऊन एम. ए. झाली आणि अमरावतीतल्याच एका महाविद्यालयात अधिव्याख्याता झाली. प्रबंधाचा विषय म्हणून तिने आधी हेरकथाच सुचवली होती. हे वाङ्मय नव्हे, असे सांगून तो परत करण्यात आला. मग तिने महानुभाव गद्य घेतले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'चेही एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग आहेत. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, असे पंथाची परंपरा सांगते. पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत हे वाङ्मय शतकानुशतके झाकून ठेवले गेले. एकेका खुणेचे अक्षर सापडताना तिला होणारा आनंद कोठून आला होता, हे प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आले नाही. विद्यापीठीय ऋणनिर्देशात कॅप्टन दीपला जागा नसते.

पदव्युत्तर वर्गाला ती रूपांतर ही संकल्पना शिकवते. मराठीतली उदाहरणे हाताशी आहेतच. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या इथल्या मातीत रुजवल्या. 'कालिकामूर्ती' वाचणाऱ्याला मूळ इंग्रजी कादंबरीची आठवणही होऊ नये अशी ती किमया आहे. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. पण या परंपरेतल्या, विशेषतः अर्नाळकरांपासूनच्या मालिकांतल्या नायकाचे एक लक्षण असे की त्याला वय नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; झुंजारच्या केसांना त्यांनी पिकू दिले नाही. मागच्या पुस्तकात त्याने केलेले पुढच्या पुस्तकात त्याच्या अंगाला लागत नाही. म्हणून यांतले कोणतेही पुस्तक आधी वाचले तरी चालते. वाचनालयाचा नियम दोन भागांच्या कथांपुरताच होता याचे कारण हेच.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणून तिने वर्गापुढे एक स्वीडिश हेरपट ठेवला. यान गीयू हा त्याच्या मूळ कादंबरीचा लेखक. स्वीडनमधील एका गुप्त हेरसंस्थेचे अस्तित्व 1973 मध्ये सहकाऱ्यासह उघडकीला आणल्याबद्दल या पत्रकाराला हेरगिरीच्याच आरोपाखाली तुरुंगवास घडला. हेरकथा लिहिणारे पुष्कळ असतात. हेर ठरवून शिक्षा झालेला पत्रकार हेरकथाकार होतो हे विरळाच. 1986 मध्ये, म्हणजे ओलोफ पाल्मे यांच्या हत्येच्याच वर्षी, त्याने कार्ल हॅमिल्टन हा नायक 'कॉक रूज' या कादंबरीतून आणला आणि 1995 पर्यंत दहा कादंबऱ्यांत त्याला कालगणनेनुसार वाढवले. शीतयुद्ध सरते, तसा हॅमिल्टनही थकतो. प्रत्येक खुनाची खूण त्याच्या अंगावर राहते. दहाव्या कादंबरीत सुरक्षा पोलिसांचा प्रमुख असलेला हा माणूस खबऱ्यांना ठार मारत सुटतो आणि जन्मठेपेला पात्र होतो. येथे मालिका संपली होती. गीयूने 2006 मध्ये नायकाला परत बोलावले, आणि 2008 च्या कादंबरीला नाव दिले ते असे: 'पण तुझ्या मुलीचा प्रश्न असेल तर नाही'.

चित्रपटांनी या काळाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. स्टेलान स्कार्सगार्डने 1989 आणि 1992 मध्ये साकारलेला हॅमिल्टन कादंबऱ्यांच्या मागोमाग चालत होता. 2012 मध्ये मिकाएल पर्सब्रांटला घेऊन नवी जोडी निघाली. पहिल्या चित्रपटाने नाव घेतले 1988 च्या 'राष्ट्राच्या हितासाठी' या कादंबरीचे, कथा मात्र बरीचशी नवी रचली. टोबियास फाल्कने दिग्दर्शित केलेला उत्तरार्ध त्याच वर्षी आला, तो 2008 च्या कादंबरीवरून. दोन पुस्तकांतले वीस वर्षांचे अंतर पडद्यावर काही महिन्यांचे झाले. मधली कारस्थाने, मधला पश्चात्ताप, ती जन्मठेप यांतून पहिल्या चित्रपटातला हॅमिल्टन गेलेलाच नाही. युरोपने या नायकाला जणू झुंजारसारखे करून टाकले; त्याच्या वयाचे पुस्तक घेतले, वय घेतले नाही. म्हातारपणी लिहिलेला उत्तरार्ध तरुण पूर्वार्धाला जोडला की त्यातले ओझे कोठे जाते, हा प्रश्न वर्गात रेंगाळत राहिला. एका विद्यार्थ्याने म्हटले की पहिल्या चित्रपटात झोपेतून दचकून उठलेला हॅमिल्टन स्वतःच्याच हाताने प्रेयसीला मारतो, एवढे ओझे पुरेसे नाही का? प्रश्न बिनतोड होता. तरी एका रात्रीचा अपघात आणि दहा पुस्तकांची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी गुंतवणूक आहे ती शीर्षकात. 'पण'ने सुरू होणारे शीर्षक हे अर्धे वाक्य असते. त्याचा पूर्वार्ध छापलेला नाही. तो वाचकाने आणायचा. कायदा सर्वांना सारखा असावा, पण. छळ करून कबुली घेऊ नये, पण. कथेत सुरक्षा पोलिसांत काम करणाऱ्या इव्हाची लहान मुलगी पळवली जाते आणि राज्ययंत्रणेची तत्त्वे ज्या घरात रोज बोलली जातात त्याच घरात ती मोडून पडतात. हॅमिल्टनला बोलावले जाते ते या 'पण'च्या पलीकडे काम करण्यासाठी. चित्रपट हे फार घाईने उरकतो. बंदुका सुरू झाल्या की शीर्षकातला नैतिक पेच विसरण्याची त्याला मुभा मिळते. कादंबरीच्या नावात मात्र तो पेच उघडाच राहतो, आणि या एका बाबतीत छापील शब्द पडद्यावर मात करतो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे शिकवून झाल्यावर तिच्या ध्यानात आले की असले एक अर्धे वाक्य तिने लहानपणी रोज ऐकले होते. सर्वांनी वाचावे, पण.

वाचनालय नव्वदच्या दशकात, केबल टीव्ही घरोघर आल्यावर बंद पडले. पुस्तके रद्दीत किलोने गेली. नोंदवही तेवढी राहिली. एका दिवाळीत अकोल्याला गेल्यावर तिने तो चित्रपट बाबांना लॅपटॉपवर लावून दिला. खालची इंग्रजी अक्षरे त्यांना लागत नव्हती, म्हणून ती शेजारी बसून सांगत होती. सुरुवातीला त्यांनी विचारले, "याचा पयला भाग कुठं हाय?" तिने सांगितले की पहिला भाग आहे, पण तो खरा पहिला नाही, खऱ्या पहिल्यापासून दहा पुस्तके आहेत आणि तीही येथे कोणाकडे नाहीत. बाबा म्हणाले, "मंग हे कसं समजीन?" तरी बसून राहिले.

गोळीबार, पाठलाग, वाळवंट यांत त्यांना रस दिसला नाही. पोर पळवून नेली तेव्हा त्यांनी एकच विचारले, तिचे वय काय आहे. तिने सांगितले, सातेक वर्षांची असेल. बाबांनी मान हलवली. ती बांधणीच्या गठ्ठ्यातून चोरून वाचू लागली तेव्हा साधारण त्याच वयाची होती. हे तिने त्यांना सांगितले नव्हते, आणि त्या संध्याकाळीही सांगितले नाही. चित्रपट संपल्यावर बाबा कपाटाकडे गेले आणि लाल पुठ्ठ्याची नोंदवही काढून तिच्यापुढे ठेवली. शेवटच्या पानांवर, गिऱ्हाइकांच्या यादीपासून वेगळ्या, त्यांच्या बारीक अक्षरात नुसत्या पुस्तकांच्या नावांची एक यादी होती. वाचकाच्या नावाचा रकाना कोरा होता. त्यातली बहुतेक नावे दुसऱ्या भागांची होती.