इकत कसाले?

पलसाण्याच्या आमच्या चाळीत हिवाळा आला हे थंडीवरून कधी कळलंच नाही. ते कळायचं चलथाणच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांवरून, शेजारच्या मासींनी आणलेल्या पोंकाच्या, म्हणजे हुरड्याच्या, पुडीवरून आणि धुळ्या-अमळनेरहून उतरणाऱ्या पाहुण्यांच्या कानटोप्यांवरून. तिकडे पहाटे दात वाजायचे, इकडे जानेवारीतल्या दुपारी पारा तिशीच्या घरात. पाहुण्यांची लेकरं तासाभरात स्वेटर कमरेला बांधून मोकळी व्हायची.

चाळ जवळपास सगळी खानदेशी. कोणाचे वडील लूमच्या खात्यात, कोणाचे डाइंग मिलमध्ये. कडोदऱ्याला दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात, त्यावर आमचा सगळा भूगोल उभा होता. ६ नंबर म्हणजे बारडोली, व्यारा, नवापूर, कोंडाईबारीचा घाट आणि पुढे गाव. ८ नंबरने दक्षिणेला गेलं की समुद्र. आता पाट्यांवर ५३ आणि ४८ लिहिलेलं असतं, पण आमच्या तोंडी जुनेच नंबर. दिवाळीला ६ नंबर ठरलेला. ८ नंबर वाट्याला यायचा तो उत्तराणीला, म्हणजे संक्रांतीला. तेव्हा मिल बंद, खातं बंद, आणि चाळीतल्याच एकाचा टेम्पो रिकामा. एरवी त्यातून कोरे ताके मिलमध्ये जायचे. भाडं नाही, फक्त डिझेल टाकायचं. १९९०च्या आसपास एवढ्यात आमची सहल व्हायची.

जायचं कुठे, याची बैठक ओट्यावर रात्री बसायची. कोणीतरी सापुताऱ्याचं नाव काढायचंच. हजार मीटर उंचावर, पौषात, तान्ह्या लेकरांना घेऊन? थंडीतून सुटून आलेले पाहुणे परत थंडीत कशाला घालायचे? नाव बाद. उनाईला गरम पाण्याचे झरे, म्हणजे लेकरांची फुकटात अंघोळ. एखाद्या वर्षी ते जमूनही जायचं. दांडीचं नाव शाळेत जाणारी पोरं काढायची, कारण १९३०चा मिठाचा सत्याग्रह परीक्षेला असायचा आणि गांधीजींनी मीठ उचललं ती जागा आपल्याला इतकी जवळ, याचा त्यांना अभिमान. बायकांचा प्रश्न सरळ होता : तिथं सावली आहे का? शेवटी वलसाडजवळचं तीथल. पोरांना समुद्र, आजींना देऊळ, आणि वाटेत डुंगरी. डुंगरीचं महत्त्व पुढे येईलच.

ठरलं की यादी सुरू. पोरं एकेक वस्तू मागायची आणि चाळीतल्या थोरल्या आजीचं उत्तर ठरलेलं.

खाऊचे पुडे? “इकत कसाले? घरमा शे ना!” दशम्या, तिळाची चटणी, खुडा, संक्रांतीच्या उरलेल्या गूळपोळ्या. पाण्याच्या बाटल्या? इकत कसाले? फिरकीचे तांबे आहेत की. चेंडू? इकत कसाले? मिलमधल्या चिंध्या घट्ट गुंडाळून वर सुतळी. बसायला गाद्या? त्याही चिंध्यांच्याच, गोणपाटात दाबून भरलेल्या. सावलीला ताडपत्री, ती टेम्पोचीच. लेकरांचे स्वेटर उसवून पुन्हा विणलेले. एकात तीन वर्षांची लोकर, तीन रंगांची. तुटलेल्या चपलेला सेफ्टी पिन लावायची, वाळूत काय कळतंय. एका घरी स्टोव्ह, दुसऱ्या घरी मोठं पातेलं, तिसरीकडे एकुलती एक मोठी छत्री. त्या टेम्पोत कोणत्याच घरचं सगळं सामान नसायचं आणि कोणतंच घर रिकाम्या हाताने चढायचं नाही. मला विचाराल तर सहल स्वस्तात व्हायची ती यामुळे. आजीची काटकसर नंतरची.

खरी अडचण निराळीच होती. १४ जानेवारीला पोरं पतंग सोडून गच्चीवरून हलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी इथं वासी उत्तराण, सगळं बंद, म्हणजे निघायला उत्तम. पण आपल्याकडे तो करीचा दिवस. त्या दिवशी प्रवास? आजीच्या हयातीत शक्य नाही. यावर तोडगा काढला तोही तिनेच. संक्रांतीच्या संध्याकाळी फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून ते प्रस्थान तिने मासींच्या घरी नेऊन ठेवलं. म्हणजे आपण कालच निघालो, आज फक्त पुढे चाललो. मासींनी ते गाठोडं तुळशीपाशी ठेवलं, पहाटे आठवणीने परत दिलं आणि सोबत डबाभर उंधियुं. त्यांचं माहेर किनाऱ्यावरचं. भरती-ओहोटी आम्ही त्यांनाच विचारायचो. तापीवर वाढलेल्या माणसांना पाणी आपल्याआपण मागे जातं हेच पटायला वेळ लागला. अमावास्या-पुनवेला भरती मोठी, अष्टमीला बेताची, एवढं ऐकून घ्यायचं आणि कालनिर्णयात तिथी बघायची.

पहाटे निघालं की पोरांचं काम नद्या मोजण्याचं. नवसारीची पूर्णा, मग अंबिका, चिखलीची कावेरी, वलसाडची औरंगा. कावेरीचं नाव ऐकून आजी दरवर्षी दचकायची. एवढ्या लवकर दक्षिण आली? वाटेत चिकूच्या बागा. मालाच्या गाडीत माणसं भरणं तेव्हाही नियमात बसत नव्हतं, आणि फळीला धरून उभी राहणारी पोरं आठवली की आता पोटात गोळा येतो. माझ्या नातवाला कोणी तसं नेतो म्हणालं तर मीच टेम्पोसमोर आडवा होईन. जुनं सगळंच चांगलं होतं असं काही नाही.

तीथलची वाळू काळी. सकाळी ती पायांना गार लागायची, दुपारी अशी तापायची की लेकरं उड्या मारत ताडपत्रीकडे पळायची. आदल्या दिवशीच्या गुत्त्यातून वाचलेला मांजा आणि चार फाटके, भाताच्या शितांनी चिकटवलेले पतंग बरोबर असायचेच. सकाळी वारा जमिनीवरचा, पतंग पाण्यावर जायचे. दुपारी वारा फिरला की तेच पतंग देवळाच्या दिशेला. पाहुण्यांपैकी कोणीतरी हटकून समुद्राचं पाणी चाखून बघायचं आणि मग सगळ्यांना सांगायचं, खरंच खारं आहे.

आता मुलं हॉटेल मोबाइलवर ठरवून दीवला जातात. बरंच आहे, त्यांची कंबर तरी दुखत नाही.

परतताना डुंगरी. रस्त्याच्या कडेला उलटे माठ, भोवती जाळ. आत पापडी, कंद, रताळी, बटाटे, हिरवा मसाला आणि कलारचा पाला. पाण्याचा थेंब नाही. उंबाडियुं. पानावर वाफाळत यायचं, सोबत हिरवी चटणी आणि ताक. वर्षातली ही एकच मोठी विकतची चैन, आणि इथं आजीचा तो प्रश्न कधी ऐकू आला नाही. ती आधी हात पुढे करायची, मग डब्यातून स्वतःचा खुडा काढून त्यावर घालायची, आणि विकणाऱ्यालाही चाखायला लावायची.

दुसऱ्या रात्री ओट्यावर हिशेब. डिझेल, उंबाडियुं, पंक्चरचे पैसे, वलसाडात पोरांनी मागितलेल्या बर्फाच्या कांड्या. वर्गणीतून थोडे उरायचे आणि त्यावरून भांडण व्हायचं. अखेर त्यातून स्टोव्हची पिन आणि वॉशर आणायचं ठरायचं, कारण ज्यांचा स्टोव्ह त्यांच्या मते तो समुद्रावरच्या वाऱ्याने बिघडला होता. बाकीच्या चाळीच्या मते तो आधीपासूनच बिघडलेला होता, म्हणूनच तर त्यांनी तो इतक्या उत्साहाने दिला होता.