रूपाचा रकाना

भीमजयंतीच्या सप्ताहात व्याख्यान, वक्तृत्व, रांगोळी, संगीतखुर्ची यांच्या जोडीला मुलींची सौंदर्य स्पर्धा ठेवण्याची हौस आता वस्त्यावस्त्यांतून दिसते. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत ती 2019 साली आली. आयोजनात आम्ही होतो आणि परीक्षणातही आम्हीच होतो. म्हणून आज जे लिहीत आहोत ते दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी नव्हे. आमच्या हातून एक चूक घडली. तिचा हिशेब समाजबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

मंडळाच्या बैठकीत तरुणांनी हा विषय काढला तेव्हा जुन्या कार्यकर्त्यांनी नाके मुरडली. बाबासाहेबांच्या जयंतीत हे नखरे कशाला, असा त्यांचा सवाल. आम्ही तरुणांची बाजू घेतली. 1994 साली सुष्मिता सेन 'मिस युनिव्हर्स' व ऐश्वर्या राय 'मिस वर्ल्ड' झाल्या तेव्हा आम्ही शाळेत होतो. 1996 साली बंगलोरला 'मिस वर्ल्ड' स्पर्धा भरली, तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले, तेही वर्तमानपत्रात वाचले. पण मनात एकच गोष्ट राहिली, तो मंच आपल्या वस्तीतल्या मुलीच्या वाट्याला का येऊ नये? डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे जड दागिने टाका, स्वच्छ व नीटनेटक्या राहा, असा उपदेश केला होता. मग नीटनेटके दिसण्याला आमच्या चळवळीत पाप कोण म्हणेल? हा युक्तिवाद बैठकीत चालला आणि स्पर्धा ठरली.

विहाराशेजारच्या मैदानात मंडप पडला. लाकडी फळ्या जोडून चालण्याची वाट केली. चौदा मुलींनी नावे दिली. परीक्षक तिघे: एक निवृत्त गुरुजी, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या एक ताई आणि आम्ही. आमचा जन्म कारकुनीत चालला असल्याने गुणपत्रिका आखण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले. चार रकाने केले. रूप 20, पेहराव 10, चाल 10 आणि प्रश्नोत्तर 10, असे प्रत्येक परीक्षकाचे 50 गुण. रूपाला 20 का, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही. सौंदर्य स्पर्धा म्हटल्यावर रूप मोठे, इतके ते आम्हाला सरळ वाटले.

शेवटच्या फेरीत प्रश्न होता, "तुमचा आदर्श कोण व का?" एक सावळी, किडकिडीत मुलगी माइकपुढे आली. ती म्हणाली, "20 जुलै 1942 रोजी आपल्या नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. त्या परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे माझा आदर्श आहेत. घटस्फोटाचा हक्क मिळावा, एक बायको असताना दुसरी करण्यास बंदी यावी, असे ठराव बायांनी त्या काळी तिथे केले. मी सुलोचनाबाईंचा फोटो पाहिलेला नाही. त्या दिसायला कशा होत्या ते मला माहीत नाही. त्यांनी काय केले ते माहीत आहे." मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

निकालात ती दुसरी आली. पहिलीला 118 गुण, हिला 114. पहिल्या बक्षिसाची पैठणी दुकानदाराने दिली होती. दुसऱ्या बक्षिसाचा डबा एका दात्याकडून आला होता. आत गोरेपणाच्या क्रीमचा संच होता. तो आम्ही आमच्या हाताने तिच्या हातात दिला, फोटो काढला आणि पुढच्या कार्यक्रमाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई विहारापाशी भेटली. जयभीम घातला आणि म्हणाली, "भाऊ, पोरगी कायच्यात कमी पडली, तेवढं सांगून द्या. पुढच्या सालापर्यंत तेवढं सुधरवून घेऊ." बाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शाळेत गणितात कमी पडले तर गणिताची शिकवणी लावतात, इतक्याच साधेपणाने तिने विचारले. आम्ही म्हणालो, "खूप चुरस होती, बाई." आणि निघून आलो.

रात्री वर्गणीचा हिशेब लावायला बसलो असता गुणपत्रिका हाती लागल्या. बाईचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून रकान्यांच्या वेगळ्या बेरजा मारल्या. पेहराव, चाल व प्रश्नोत्तर या तीन रकान्यांत मिळून त्या मुलीला 75 आणि पहिलीला 67. म्हणजे आठ गुणांनी ही पुढे. रूपाच्या एकाच रकान्यात पहिलीला 51 आणि हिला 39. तिथे ती बारा गुणांनी मागे पडली आणि तिथेच हरली. मग प्रत्येक परीक्षकाचा आकडा पाहिला. पार्लरवाल्या ताईंनी दोघींत चार गुणांचा फरक केला होता, गुरुजींनी दोनाचा. उरलेल्या सहाचा फरक आमच्या लेखणीचा होता. पहिलीला 18 आणि हिला 12. आम्ही दोघींना सारखे गुण दिले असते तर ती मुलगी दोन गुणांनी जिंकली असती.

नाकीडोळी ती कमी होती का? डोळे मिटून तिचा चेहरा आठवला. नाही. कमी होता तो रंग. जातीच्या नावाने हिणवणाऱ्यांच्या तोंडी काळेपणाही असतो, हे आम्ही लहानपणी ऐकले आहे, सोसले आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वाढलो. व्यासपीठावर समतेवर बोलतो. आणि तीच मोजपट्टी आमच्या हातात होती. मनुस्मृती 1927 साली महाडला जळाली खरी, पण तिचा एक रकाना आम्ही आमच्याच हाताने आखला.

2020 व 2021 या दोन वर्षी कोरोनामुळे जयंती घराघरात झाली. 2022 साली बैठक बसली तेव्हा आम्ही गुणपत्रिका सर्वांपुढे ठेवली आणि स्पर्धाच बंद करू असे सुचवले. तर मुलींनीच विरोध केला. एक जण म्हणाली, "काका, पोरांना डीजेपुढे नाचायला अख्खी रात्र असते. आम्हाला वस्तीसमोर मान वर करून चालायला वर्षातून एवढाच एक मंच आहे. रकाना तुमचा चुकला, मंच का काढता?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तथागतांनीही वैशालीच्या आम्रपालीचे भोजनाचे आमंत्रण स्वीकारले होते. तिच्या रूपाचा त्यांनी धिक्कार केला नाही. तीच आम्रपाली पुढे भिक्षुणी झाली आणि थेरीगाथेत आपल्याच म्हाताऱ्या झालेल्या देहाविषयी निर्भयपणे बोलली. दोष रूपात नसतो, रूपाचा बाजार मांडून त्यावर माणसाची किंमत लावण्यात असतो.

मग नियम बदलले. रूपाचा रकाना काढला. स्पर्धेच्या नावातून 'सौंदर्य' शब्द गेला. प्रश्नोत्तराला निम्मे गुण ठेवले. प्रत्येक फेरीनंतर परीक्षकांचे कागद लगेच गोळा करायचे, म्हणजे एका फेरीची छाप दुसऱ्या फेरीवर पडू नये. रकानावार गुण फळ्यावर लावायचे, म्हणजे कोणत्याही आईला परीक्षकाच्या मागे हिंडावे लागू नये. बक्षिसात क्रीम-पावडर घ्यायची नाही. पुस्तके आणि स्पर्धा परीक्षेच्या अर्जाची फी द्यायची. यातून आमची नजर साफ झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण ती पकडली जाण्याची सोय तरी झाली.

एक काम राहिले होते. ती गुणपत्रिका घेऊन आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. मुलगी नर्सिंगच्या वर्गाला गेली होती. आम्ही कागद उलगडला, रूपाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि सांगितले, "बाई, तुमची पोरगी कशातच कमी पडली नव्हती. कमी आम्ही पडलो." बाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, हे तेव्हाच सांगतलं असतं तं पोरीनं दोन वर्ष ते क्रीम घासलं नसतं."

एवढे बोलून ती चहा ठेवायला आत गेली. आम्ही तो चहा प्यालो, पण घशाखाली उतरला नाही.

बंधू-भगिनींनो, येत्या जयंतीला आपल्याही वस्तीत अशी स्पर्धा असेल. ती जरूर घ्या. मात्र गुणपत्रिका आखताना प्रत्येक रकान्याला एक प्रश्न विचारा: हरलेल्या मुलीच्या आईने कारण विचारले, तर हा रकाना तिला तोंडावर सांगता येईल काय? सांगता येत नसेल, तर तो आखू नका.

जयभीम!