नागजच्या माळावर वीज कडाडते तेव्हा

मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलात आणि कवठे महांकाळ मागे टाकलेत, की मुलखाचा रंगच पालटतो. द्राक्षमळ्यांची दाटी विरळ होते. मुरमाड माळ, बाभळी, धनगरांचे कळप आणि ढालगावच्या बाजूला फिरणाऱ्या पवनचक्क्या दिसू लागतात. नागज ओलांडून जुनोनीकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब शेड लागतात. लोखंडी खांब, तारेवर ताणलेल्या जाळ्यांचे एकावर एक थर, बाजूंनी सगळे उघडे. ही बेदाण्याची शेड.

वाचकहो, द्राक्ष पिकते तासगाव-मिरजेकडे आणि वाळवायला येते इथे, याचे कारण इथला वारा. हा पर्जन्यछायेतला मुलूख. ज्या कोरडेपणाला इथल्या जुन्या माणसांनी जन्मभर नावे ठेवली, त्याच कोरडेपणावर आज त्यांची नातवंडे चार पैसे मिळवतात. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरले, की साधारण १२ ते १५ दिवसांत सावलीतल्या वाऱ्यावर बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो. म्हणजे जाळीवर पडलेला प्रत्येक मणी तुमच्या घरच्या वर्षाच्या हिशोबातला असतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते काही उगीच नव्हे.

पण हंगाम पडतो मार्च-एप्रिलात आणि तोच काळ वळवाचा. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्रावरून आलेली ओल तिला मिळते आणि दोन-तीन तासांत १२-१५ किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. सकाळी निरभ्र आकाश बघून जाळी भरणाऱ्याला दुपारी तोंडचे पाणी पळवणारा हा पाहुणा.

२०२४ च्या एप्रिल अखेरीस मी याच भागात एका शेडवर माल पाहायला गेलो होतो. पंधराएक बायका जाळ्या झाडीत होत्या. तीनच्या सुमारास वारा एकाएकी पडला. पवनचक्क्यांची पाती मंदावली. उगवतीला कोबीच्या गड्ड्यासारखा ढग फुगत होता आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला होता. असा माथा दिसला की समजावे, ढग पुरा वाढला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे ॲप माझ्या मोबाईलवर आहे. त्यानेही विजेचा इशारा दिला.

इशारा मिळाला तरी हातात किती वेळ आहे, हे आपल्याला मोजता येते. वीज चमकली की आकडे मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद होतील त्यांना तीनने भागा, तितके किलोमीटर वीज लांब. आकडा ३० च्या आत आला की काम टाकून आसरा गाठायचा. वर आभाळ मोकळे दिसते म्हणून थांबू नका. ढगापासून दहा किलोमीटरवर, कोरड्या उन्हातही वीज पडू शकते.

आमचा पहिला आकडा चाळीसच्या वर गेला. तेवढ्यात गडीमाणसांनी वाऱ्याच्या तोंडची ताडपत्री सोडून बांधली. पुढचा आकडा चोवीस. मी म्हटले, “आता पुरे. सगळे खोलीत चला.” शेडचे मालक मात्र टोकाचे दोन गाळे झाकायला धावले. “साहेब, आठ दिसांचा माल हाय. भिजला तर काळा पडंल.”

“आण्णा, तो लोखंडाचा खांब आहे आणि त्याला शंभर फूट तार जोडलेली आहे. माल सोडा.”

ते क्षणभर घुटमळले, मग दोरी टाकून आले. खरे सांगायचे तर वादळात बेदाण्याचे शेड हे आसऱ्याचे ठिकाण नव्हेच. बाजूंनी उघडे छप्पर विजेपासून वाचवीत नाही आणि ताणलेली तार दूर पडलेल्या विजेचा झटका आपल्यापर्यंत आणते. स्लॅबची खोली किंवा पत्र्याचे टप असलेली, काचा लावलेली मोटार हीच खरी जागा. उघडा ट्रॅक्टर त्यात धरू नका.

बायका तोवर लिंबाखाली जमल्या होत्या. त्यांना हाका मारून खोलीत घेतले, तर एक जण बाहेरच, दूर बांधाजवळ बसलेली. कोणीतरी हळूच सांगितले, “ती पायाळू हाय.” पायाळू माणसावर वीज ओढली जाते या समजुतीने बाकीच्यांनी तिला वेगळे काढले होते आणि तिनेही ते मुकाट्याने मानले होते. मी बाहेर जाऊन म्हणालो, “मावशी, जन्मताना पाय आधी आले की डोके, हे विजेला कळत नाही. उठा.” ती आली. दाराशीच बसू लागली, तर तिच्याच शेजारणीने हाताला धरून आत ओढली. वीज उंच आणि एकट्या वस्तूवर आधी पडते. उघड्या रानात एकट्या बसवलेल्या माणसाला आपणच तिच्या तोंडी देत असतो.

त्या लिंबावर वीज पडली नाही. पलीकडच्या ओढ्यातल्या बाभळीवर पडली. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि जमिनीतूनही पसरते. मेंढरे झाडाखाली दाटीने उभी असतात, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर असते. जमिनीतला प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरताना काळजातून जातो, म्हणून एकाच विजेत अख्खा कळप आडवा होतो.

आणखी एक गोष्ट. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात ती साठून राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा.

पाऊस पंचवीस मिनिटांत ओसरला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मी कोणाला बाहेर जाऊ दिले नाही. बायका कंटाळल्या, आण्णा धुसफुसत होते. मग सगळ्यांनी मिळून टोकाचे दोन गाळे पाहिले. माल भिजला होता आणि शेजारच्या शेडचे पत्रे माळावर उडाले होते.

“वावटळीनं नेलं,” असे जो तो म्हणत होता. पण पत्रे सगळे एकाच बाजूला, मावळतीकडे पडले होते. ढगातून थंड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर पसरते, तिचे हे काम. वावटळ तापल्या जमिनीवरून उठते. जी ढगातून सोंडेसारखी खाली लोंबते ती चक्री सोंड निराळी, तिला टोर्नेडो म्हणतात. बंगालच्या बाजूला ती येते. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ ला तिने सुमारे १३०० माणसे घेतली आणि ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडी जिल्ह्यातल्या मैनागुडीच्या परिसरात घरे मोडली. आपल्याकडे ती क्वचितच. आपल्या माळावर माणसे मारते ती वीज.

दुसऱ्या दिवशी ऊन पडताच भिजलेला माल कोरड्या जाळीवर विरळ पसरायला सांगितले, बुरशी धरलेले मणी वेगळे काढायला लावले. तो काळ्या बेदाण्याच्या भावात जाणार होता. आण्णांनी कागदावर तोट्याचा आकडा मांडून मला दाखवला आणि गड्याला दोन लांब दोऱ्या आणायला पाठवले, खोलीच्या दारातूनच ताडपत्री ओढता येते का ते बघायला. दोरी सुताची असू द्या, तार नको, एवढे मी सांगितले.